नोएक्झेक : चोर सोडून संन्याशाला फाशी

सर्व्हर 'हार्डन' करायचा म्हटलं की आपल्याकडे आधी एक एक्सेल शीट येते. दीड-दोनशे ओळी, प्रत्येकीसमोर हिरवा नाहीतर लाल रंग. त्यात एक ओळ हमखास असते: "/टेम्प नोएक्झेकने माऊंट केलं आहे का?" लाल दिसलं की सोमवारी मेल येते, बुधवारी आठवण येते आणि शुक्रवारी संध्याकाळी, सगळे बॅगा भरत असताना, कोणीतरी एफएसटॅबमध्ये एक शब्द वाढवून मोकळं होतं. शीट हिरवी. मग पुढच्या आठवड्यात काय काय बंद पडलं ते शोधायचं काम भलत्याच माणसाच्या गळ्यात.

आजचा माझा राग या एका शब्दापायी आहे. शब्द बिचारा गुणी आहे, तो ज्या पद्धतीने वापरला जातो तिच्याबद्दल बोलायचंय. मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चहा ठेवायचाय ते ठेवू शकतील: "हे इथे करायचं नाही" असं सांगणाऱ्याने "मग कुठे करायचं" हेही सांगायला हवं. ते सांगितलं नाही तर लोक चोरवाट काढतात, आणि ती चोरवाट मूळ धोक्यापेक्षा वाईट असते, कारण ती कुठल्याच शीटमध्ये दिसत नाही.

ज्यांचा लिनक्सशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. लिनक्समध्ये डिस्कचा प्रत्येक भाग एका मोठ्या झाडाच्या कुठल्यातरी फांदीला जोडलेला असतो. या जोडण्याला माऊंट म्हणायचं. जोडताना अटी घालता येतात. त्यातली तीन भावंडं सुरक्षेच्या चर्चेत नेहमी एकत्र येतात.

नोडेव्ह म्हणजे या फांदीवर डिव्हाइस फाइल असली तरी ती डिव्हाइस म्हणून मानायची नाही. नोएसयूआयडी म्हणजे इथल्या फाइलला 'मालकाच्या अधिकाराने चाल' अशी खास परवानगी असली तरी ती दुर्लक्षित करायची. (पासवर्ड बदलायची कमांड अशाच परवानगीमुळे रूटच्या अधिकाराने चालते.) आणि नोएक्झेक म्हणजे इथली कुठलीही फाइल प्रोग्राम म्हणून चालवायची नाही.

पहिल्या दोघांशी माझं भांडण नाही. /टेम्पमध्ये डिव्हाइस फाइल किंवा रूटच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम ठेवण्याचं काम कुठल्याही सभ्य सॉफ्टवेअरला पडत नाही. म्हणजे ही दोन बंधनं जवळजवळ फुकट मिळतात. डोळे मिटून लावा. सिस्टमडीबरोबर /टेम्पसाठी जी माऊंटची फाइल येते तिच्यातही हे दोघं असतात. नोएक्झेक तिथे नसतं. सीआयएस, म्हणजे सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी, यांच्या लिनक्ससाठीच्या बेंचमार्कमध्ये मात्र /टेम्प, /व्हार/टेम्प आणि /डेव्ह/एसएचएम या तिघांवर नोएक्झेक सुचवलेलं आहे. आपल्या एक्सेल शीटचं मूळ गोत्र बहुतेक वेळा तेच.

आता नोएक्झेक नेमकं काय करतं ते बघू, कारण शीटवर हिरवा रंग भरणाऱ्या दहापैकी आठ जणांना ते माहीत नसतं असा माझा अनुभव आहे.

प्रोग्राम चालवायचा असला की कर्नलकडे (लष्करातला नव्हे, लिनक्सचा) एक विनंती जाते. कर्नल बाकीच्या गोष्टींबरोबर दोन गोष्टी तपासतो: फाइलवर एक्झिक्यूटची परवानगी आहे का, आणि फाइल ज्या माऊंटवर आहे तिथे नोएक्झेक आहे का. असेल तर सरळ नकार. फाइलवर ७७७ असलं तरी नकार, तुम्ही रूट असलात तरी नकार. दुसरा पहारा लायब्ररींवर आहे. एखादी .एसओ फाइल मेमरीत 'चालवण्याजोगी' म्हणून जोडायला गेलात आणि ती नोएक्झेक माऊंटवर असली की तिथेही नकार. हा दुसरा पहारा सुरुवातीपासून नव्हता. पूर्वी लोक प्रोग्राम थेट न चालवता सिस्टिमच्या लोडरला सांगायचे की बाबा रे, ही फाइल तू उघडून चालव. तो चालवायचा. कर्नलच्या २.४.२५ आणि २.६.० या आवृत्त्यांपासून, म्हणजे २००३-०४ च्या सुमारास, ती पळवाट बंद झाली.

इथपर्यंत छान. पण हल्लेखोराने स्क्रिप्ट आणली तर? त्याने /टेम्पमध्ये पर्लची एक फाइल टाकली आणि "पर्ल, ही फाइल वाच" असं सांगितलं, तर कर्नलच्या दृष्टीने चालतोय तो पर्ल. पर्ल /यूएसआर/बिनमध्ये बसलाय, तिथे चालायची परवानगी आहे. /टेम्पमधली फाइल नुसती वाचली जातेय, आणि वाचायला कोणाची बंदी नाही. पायथनचं तेच, बॅशचं तेच, पीएचपीचं तेच. स्वयंपाकी घरचाच आहे, पाककृती तेवढी चोराने लिहून दिलीय. पहारेकऱ्याचं काम फक्त अनोळखी स्वयंपाकी अडवायचं, त्यामुळे तो निवांत.

बरं, स्क्रिप्टही नको असेल तर २०१४ पासून, म्हणजे कर्नल ३.१७ पासून, मेमरीतच एक निनावी फाइल तयार करून तिथून प्रोग्राम चालवता येतो. डिस्कवर काही लिहावंच लागत नाही, मग माऊंटवरच्या अटीचा प्रश्नच मिटला. (याला आळा घालायचं सेटिंग २०२३ मध्ये ६.३ बरोबर आलं. किती सर्व्हरवर ते लावलेलं पाहिलंय तुम्ही?) शिवाय जिथे साध्या युजरला स्वतःची नेमस्पेस तयार करू दिली जाते, तिथे तो स्वतःपुरती नवी टेम्पएफएस माऊंट करू शकतो. तिच्यावर नोएक्झेक नाही, कारण ती त्याने स्वतःच केलीय. घरमालकाने दार बंद केलं म्हणून भाडेकरूने आपली भिंत फोडून नवं दार काढावं, तसं.

"मग नोएक्झेकचा उपयोगच नाही" असं म्हणणारा एक पंथ आहे. त्या पंथाचा मी नाही. दोन जुन्या गोष्टी सांगतो.

२००२ च्या सप्टेंबरमध्ये स्लॅपर नावाचा वर्म आला. ओपनएसएसएलमधल्या एका भोकातून तो अपाचे वेबसर्व्हरमध्ये शिरायचा. आत शिरल्यावर काय करायचा? स्वतःचा सी भाषेतला सोर्स कोड /टेम्पमध्ये .बगट्रॅक.सी या नावाने टाकायचा, तुमच्याच मशीनवरच्या जीसीसीने तो कंपाइल करायचा आणि /टेम्पमधूनच चालवायचा. यजमानाच्या चुलीवर स्वतःचा स्वयंपाक! ज्या मशीनवर /टेम्पला नोएक्झेक होतं तिथे त्याचा शेवटचा घास तोंडाशी येऊन थांबला. एका शब्दाने अख्खा वर्म अडला. हे छोटं काम नाही.

दुसरी गोष्ट डिसेंबर २००४ ची. सँटी नावाचा वर्म. हा पीएचपीबीबी या फोरम सॉफ्टवेअरमधून शिरायचा आणि पुढची शिकार चक्क गूगलवर शोधायचा, इतका की शेवटी गूगलनेच त्याचे शोध अडवले. हा होता पर्लमध्ये लिहिलेला. त्याच्यापुढे नोएक्झेकची किंमत शून्य. पर्ल घरचाच होता ना!

म्हणजे जेमतेम सव्वादोन वर्षांच्या अंतराने दोन वर्म. एकाला हा शब्द पुरून उरला, दुसऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही. माझ्या मते नोएक्झेकची खरी लायकी एवढीच आणि तेवढी आहे: आळशी, ठरावीक साच्याच्या, आपोआप चालणाऱ्या हल्ल्यांना ते अडवतं. असे हल्ले आजही ढिगाने होतात, तेव्हा फायदा आहे. विचार करून आलेला माणूस मात्र दोन मिनिटांत बाजूने जातो. फायदा खरा आहे, पण मर्यादित आहे, आणि मर्यादित फायद्यासाठी किती किंमत मोजायची हा प्रश्न विचारावाच लागतो. शीट तो विचारत नाही.

किंमत कोण मोजतं? संन्यासी मोजतो. जावावर चालणाऱ्या कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये थोडा नेटिव्ह कोड असतो. तो जार फाइलमध्ये गुंडाळलेला असतो आणि सुरू होताना तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडून तिथून लोड केला जातो. तात्पुरतं फोल्डर म्हणजे, तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर, /टेम्प. इलॅस्टिकसर्चच्या अधिकृत कागदपत्रांतच यासाठी वेगळं पान आहे: तुमचं तात्पुरतं फोल्डर नोएक्झेक नसल्याची खात्री करा, किंवा आम्हाला दुसरं द्या. गो भाषेत 'गो रन' किंवा 'गो टेस्ट' केलं की प्रोग्राम /टेम्पमध्ये तयार होऊन तिथूनच चालतो. डेबियन आणि उबुंटूमध्ये पॅकेज टाकताना आधी प्रश्न विचारणाऱ्या ज्या स्क्रिप्ट असतात त्या /टेम्पमध्ये काढून चालवल्या जातात, आणि नोएक्झेक असलं की ओरड सुरू. यातलं कोणीही चोर नाही. प्रामाणिकपणे चाळीस वर्षं चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे तात्पुरतं काम तात्पुरत्या जागेत करतायत, इतकंच.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे एरर मेसेज. थेट चालवायला गेलात तर "परमिशन डिनाइड". लायब्ररी लोड करायला गेलात तर "फेल्ड टू मॅप सेगमेंट" आणि पुढे "ऑपरेशन नॉट परमिटेड". दोन्हीत 'माऊंट' हा शब्द नाही. 'नोएक्झेक' तर नाहीच नाही. मग समोरचा माणूस काय करणार? "परमिशन" वाचलं की हात आपोआप सीएचमॉड ७७७ कडे जातो. चालत नाही. मग एसईलिनक्स बंद करून बघतो. चालत नाही. मग सर्व्हिस रूट म्हणून चालवून बघतो. तरीही चालत नाही, कारण नोएक्झेक रूटलाही लागू आहे. पण एव्हाना त्याने काय काय उघडं करून ठेवलंय बघा: फाइली जगाला लिहायला मोकळ्या, एसईलिनक्स झोपलेलं, सर्व्हिस रूट. यातलं परत मागे किती फिरवलं जातं? रात्रीचे दोन वाजलेले असताना? एका अर्ध्या कुलपाच्या नादात तीन पुरी कुलपं काढून ठेवली गेली.

हे कल्पनेतलं नाही. आमच्या एका प्रोजेक्टवर झालेलं आहे. जागेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण ते कुठेही होऊ शकतं. सर्व्हरची नवी इमेज आली, त्यात /टेम्पला नोएक्झेक. कुणाला मेल नाही, रिलीज नोट्समध्ये ओळ नाही. रिलीजच्या रात्री जावावरची एक सर्च सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि ती उठेचना. ड्यूटीवर दीड वर्षाच्या अनुभवाचा एक पोरगा. त्याने वरची सगळी प्रदक्षिणा घातली, आणि त्याचं कौतुक असं की त्याला शेवटी खरं कारण सापडलं. कारण सापडलं तरी करायचं काय? इमेज बदलायचा अधिकार त्याला नाही. ज्यांना आहे ते झोपलेले. सकाळी सहाला क्लायंटचे युजर येणार. त्याने "माऊंट -ओ रीमाऊंट,एक्झेक /टेम्प" केलं, सर्व्हिस उठली. रीबूटनंतर पुन्हा पडू नये म्हणून तीच ओळ त्याने सर्व्हिसच्या सुरू होण्याच्या स्क्रिप्टमध्ये घातली आणि तिकिटात तसं स्वच्छ लिहिलंही.

ते तिकीट कोणी वाचलं नाही. पुढचे आठ महिने तो सर्व्हर शीटमध्ये हिरवा होता, कारण ऑडिटची स्क्रिप्ट फक्त एफएसटॅब वाचत होती. एफएसटॅबमध्ये नोएक्झेक लिहिलेलं होतंच! प्रत्यक्षात माऊंट कसं आहे हे कोणी बघितलं नाही. आठ महिन्यांनी कोणीतरी सहज बघितलं, आणि मग मोठी मीटिंग झाली. "सिक्युरिटी कंट्रोल बायपास केला" म्हणून पोराला लेखी ताकीद मिळाली आणि त्या वर्षीचं रेटिंग गेलं. ज्यांनी न सांगता इमेज बदलली त्यांना कोणी काही विचारलं नाही. ज्यांनी आठ महिने खोटा हिरवा रंग भरला त्यांनाही नाही. त्यांची शीट तर बरोबरच होती ना!

"त्याने नियम मोडला हे तरी मान्य कर," असं एका सीनिअर मित्राने मला सुनावलं. केलं मान्य. पण मग पुढचा प्रश्न विचारतो: त्या रात्री नियम न मोडता काम पुरं करायचा कुठला रस्ता उपलब्ध होता? मित्राने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "सकाळपर्यंत थांबायचं." म्हणजे क्लायंटने दुसऱ्या कारणासाठी ताकीद दिली असती. दोन्हीकडून मार खायची व्यवस्था करायची आणि तिला सुरक्षा म्हणायचं, हे मला पटत नाही.

पुण्यात हेल्मेट कोपराला अडकवून गाडी चालवणारे तुम्ही पाहिले असतील. सिग्नलला पोलीस दिसला की डोक्यावर, चौक ओलांडला की पुन्हा कोपरावर. हेल्मेट आहे, पावती नाही, डोकं मात्र उघडं. एफएसटॅबमध्ये नोएक्झेक आणि स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये रीमाऊंट हे अगदी तेच. फरक इतकाच की हेल्मेटवाल्याला निदान माहीत असतं की आपलं डोकं उघडं आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवायच्या आधी त्यांच्याकडे वळतो. "बघ, मी म्हटलं नव्हतं का, हा सगळा देखावा आहे, काढून टाका." डेव्हलपर मंडळींमध्ये हे फार लोकप्रिय आहे. याच मंडळींच्या सेटअपच्या कागदात पहिली पायरी "एसईलिनक्स डिसेबल करा" अशी असते. यांना माझं म्हणणं असं की /टेम्पची परवानगी १७७७ असते. म्हणजे मशीनवरचा कोणीही, वेबसर्व्हरचा युजरसुद्धा, तिथे लिहू शकतो. जिथे कोणीही लिहू शकतो तिथलं काहीही चालू देणं ही चांगली कल्पना नाही, हे समजायला ऑडिटर लागत नाही. "जे लिहिता येतं ते चालवता येऊ नये, जे चालवता येतं ते लिहिता येऊ नये" हे तत्त्व सोन्यासारखं आहे. माझी तक्रार ते अर्धवट लावण्याबद्दल आहे.

पूर्ण लावलं की काय होतं याची उदाहरणं आहेत, आणि त्यातलं एक बहुतेक आत्ता तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड हे लिनक्स कर्नलवरच चालतं. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून, त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या अॅपला स्वतःच्या लिहिता येणाऱ्या फोल्डरमधली फाइल थेट प्रोग्राम म्हणून चालवता येत नाही. पण गूगलने नुसती पाटी लावली नाही. चालवायचा कोड असेल तो अॅपच्या पॅकेजमध्येच घालून आणा, तो इन्स्टॉल होताना अशा जागी जाईल जिथून चालतो पण जिथे अॅपला लिहिता येत नाही, असा रस्ताही दिला. यात कोणाचं नुकसान झालंच नाही असं नाही. फोनवर लिनक्सचं टर्मिनल देणाऱ्या टर्मक्सची पूर्ण पंचाईत झाली, कारण पॅकेज उतरवून चालवणं हाच त्याचा धंदा. पण निर्णय उघड होता, कागदावर होता, आणि अडचण कोणाला येणार हे आधी माहीत होतं.

क्रोमओएस दुसरं उदाहरण. मूळ सिस्टिम फक्त वाचता येते आणि तिची शहानिशा होते, लिहिता येणारा भाग नोएक्झेक. तिथल्या लोकांना पर्ल-बॅशची पळवाट ठाऊक होती, म्हणून त्यांनी शेललाच शिकवलं की नोएक्झेक माऊंटवरची स्क्रिप्ट चालवायची नाही. आणि ज्याला प्रयोग करायचेत त्याच्यासाठी डेव्हलपर मोड. इथेही बंदी आणि जागा दोन्ही एकत्र आल्या.

हीच स्क्रिप्टची पळवाट सगळ्या लिनक्ससाठी बुजवायचं काम मिकाएल सालाऊन या कर्नल डेव्हलपरने अनेक वर्षं चिकाटीने रेटलं आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ६.१४ कर्नलमध्ये ती सोय आली. इंटरप्रिटर आता फाइल वाचण्याआधी कर्नलला विचारू शकतो, "ही चालवायची फाइल म्हणून मंजूर आहे का?" 'शकतो' हा शब्द महत्त्वाचा. पर्लने, पायथनने, बॅशने तसं विचारायला हवं, तरच उपयोग. नुसता कर्नल बदलून शीटवर अजून एक हिरवी ओळ वाढवू नका म्हणजे झालं.

मग आपल्यासारख्या साध्या, पगारी माणसांनी काय करायचं? माझं म्हणणं असं: /टेम्पला नोएक्झेक जरूर लावा. पण आधी, म्हणजे त्या शुक्रवारच्या आधी, ज्या सर्व्हिसला खरंच गरज आहे तिला तिची जागा द्या. /व्हार/लिब खाली त्या सर्व्हिसच्या नावाचं एक फोल्डर, मालक त्या सर्व्हिसचा युजर, परवानगी ०७००. जावाला तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता एका ऑप्शनने देता येतो. गोला २०१८ च्या १.१० आवृत्तीपासून त्यासाठी वेगळा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल आहे. एपीटीला कॉन्फिगमधल्या एका ओळीने दुसरी जागा दाखवता येते. बाकी बऱ्याच गोष्टी टीएमपीडीआयआर हा व्हेरिएबल पाळतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

इथे चाणाक्ष वाचक म्हणेल, "अरे, मग भोक फक्त हलवलंस ना? हल्लेखोर त्या फोल्डरमध्ये लिहील." अंशतः बरोबर. त्या सर्व्हिसचाच ताबा घेतला तर लिहीलच. पण आधी मशीनवरचा कोणीही लिहू शकत होता, आता एकच युजर लिहू शकतो. वेबसर्व्हरमधून शिरलेल्याला सर्च सर्व्हिसच्या फोल्डरचं दार बंद आहे. शिवाय तुम्हाला आता नेमकं माहीत आहे की नजर कुठे ठेवायची. अख्ख्या गावावर पहारा ठेवण्यापेक्षा एका वाड्यावर ठेवणं सोपं.

याहून बारीक काम करायचं असेल तर सिस्टमडीत २०२१ च्या २४८ आवृत्तीपासून प्रत्येक सर्व्हिसपुरतं ठरवता येतं: अख्ख्या झाडावर चालवायला बंदी, आणि फक्त अमुक प्रोग्राम आणि लायब्ररींच्या जागांना मुभा. मशीनभर एकच नियम लादण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं, कारण अपवाद सर्व्हिसच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. तो रिव्ह्यूला येतो, गिटमध्ये राहतो, कोणालाही वाचता येतो. चोरवाट आणि अपवाद यात एवढाच तर फरक आहे.

आणि बिल्ड मशीन आणि प्रॉडक्शन मशीन यांना एकाच शीटने हाकू नका, ही हात जोडून विनंती. बिल्ड मशीनचं कामच लिहिणं आणि लिहिलेलं चालवणं हे आहे. तिथे नोएक्झेक म्हणजे वाण्याला वजन करायला बंदी. उलट प्रॉडक्शनवर जीसीसी काय करतोय? स्लॅपरला चूल आपणच पेटवून दिली होती.

ज्यांच्या हातात शीट आहे त्यांच्याकडे तीन मागण्या आहेत. एक, नवीन बंधन लावायच्या आधी ते कशाला अडवतं आणि कशाला अडवत नाही हे दोन ओळीत लिहा. "बेंचमार्कमध्ये आहे" हे कारण नव्हे. दोन, ज्याचं काम अडेल त्याच्यासाठी पर्यायी जागा आणि रात्री दोनला उचलला जाणारा एक फोन नंबर द्या. तीन, एफएसटॅब वाचून रंग भरू नका, चालू मशीनवर जे खरोखर माऊंट आहे ते बघा. चौथी मागणी नाही, कारण या तीनच मान्य झाल्या तरी मी पेढे वाटीन :)

असो. लेख लांबला. सोमवारी ऑफिसला गेलात की एक पाच मिनिटांचं काम करा. तुमच्या मशीनवर 'फाइंडमाऊंट' चालवा आणि आलेलं उत्तर एफएसटॅबशेजारी ठेवून ताडून बघा. फरक सापडला तर तो कोणी केला हे शोधायच्या आधी, त्याला त्या रात्री कशाची गरज होती ते शोधा.